ऱ्हाइनकाठचं लोखंड, एल्बकाठची वाळू

कार्ल्सरूहेला जाणारा प्रवासी राजवाडा बघायला जातो, आणि ते बरोबरच आहे. वाड्याचा मनोरा मध्यभागी धरून बत्तीस रस्ते चहूकडे सुटतात. दक्षिणेकडच्या रस्त्यांमध्ये शहर वसलंय, उत्तरेकडच्या रस्त्यांमध्ये बाग आणि जंगल. वाड्याला खेटून तंत्रविद्यापीठाचं आवार आहे. हाइनरिश हर्ट्झनं विद्युतचुंबकीय लहरी खरोखर असतात हे 1880च्या दशकात प्रयोगानं दाखवलं, ते इथेच. मी मात्र एक नळकांडं बघायला आलो होतो.

सोबत भाची होती. ती मानहाइममध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे आणि मामाच्या हट्टापायी तिनं सुट्टी काढली होती. "मामा, लोक ज्याच्यासमोर फोटो काढतात तो वाडा तिकडे राहिला," ती म्हणाली. आम्ही फ्रिट्झ हाबरच्या नावाचा रस्ता शोधत होतो.

नळकांडं सापडलं. मान वर करून पाहावं लागेल असा जाड पोलादाचा उभा रिॲक्टर, 1921 सालचा. बीएएसएफ कंपनीत त्यानं अमोनिया बनवला आणि आता तो विद्यापीठाच्या आवारात शोभेला उभा आहे. विद्यार्थी सायकली घेऊन त्याच्याजवळून जातात, कुणी वर बघत नाही.

"ह्याच्या आत काय होतं?"

"लोखंडाची खडी."

"आणि ती फिरवायचे?"

"नाही. ती तशीच पडून राहायची. वर्षानुवर्षं."

भाचीचा चेहरा पडला. पण फिक्स्ड बेड, म्हणजे न हलणारा थर, म्हणतात ते एवढंच. एका उभ्या भांड्यात घन पदार्थाचे दाणे भरायचे आणि त्यांच्या फटींतून वायू किंवा पाणी जाऊ द्यायचं. दाणे जागचे हलत नाहीत, फटीतून जाणारा बदलून बाहेर पडतो. गंधकाम्ल असं बनतं, खताचा अमोनिया असा बनतो, स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरमधला कोळसाही हेच करतो. कारखानदारीतली ही सर्वांत साधी रचना, असं आम्हाला माटुंग्याला शिकवलं होतं. तिथल्या यूडीसीटी या रसायनतंत्राच्या संस्थेत आमच्या वेळी दोराईस्वामी आणि शर्मा यांचे 1984 सालचे दोन जाड खंड होते. त्यातला पहिला वायू आणि घन पदार्थ यांच्या अभिक्रियांवर होता, आणि तो उशाशी ठेवून झोपल्यानं परीक्षा सुटते अशी आमची श्रद्धा होती. पुढे नोकरी लागली आणि कळलं की हलत नाही त्या थराइतकं लहरी यंत्र दुसरं नाही.

हाबरचा अमोनियाचा प्रयोग याच आवारात झाला. तारीख 2 जुलै 1909. त्या काळी जगाला खताचा नायट्रोजन मिळे तो मुख्यतः चिलीच्या वाळवंटातल्या सोऱ्यातून. हा सोरा संपला तर गहू पिकवायचा कसा, असा इशारा विल्यम क्रुक्सनं 1898 मध्ये ब्रिस्टलच्या भाषणात दिला होता. हवेत नायट्रोजन हवा तेवढा आहे, पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की ते सोडवायला उत्प्रेरक लागतो. नुसती उष्णता वाढवली तर अभिक्रिया जलद होते, पण तयार झालेला अमोनिया फुटूनही जातो. म्हणून दाब वाढवायचा. हाबरनं तो दोनशे वातावरणांच्या जवळपास नेला. आज ही गोष्ट सांगताना हाबरचं नाव येतं, पण एवढ्या दाबाला न गळणाऱ्या झडपा बनवल्या त्या रॉबर्ट ल रॉसिन्योल या जर्सी बेटावरच्या तरुणानं. झडप गळकी असेल तर समीकरण कितीही सुंदर असलं तरी हाती काही येत नाही.

त्या दिवशी बीएएसएफकडून कार्ल बॉश आणि आल्विन मिटाश आले होते. उपकरणाचा एक बोल्ट दगावला, दुरुस्तीला वेळ लागला आणि बॉश निघून गेला. मिटाश थांबला. दिवस संपता संपता ऑस्मियमच्या थरातून आलेला वायू थंड होऊन अमोनियाचे थेंब पडू लागले ते त्यानं पाहिले. तासाला सुमारे सव्वाशे मिलिलिटर, म्हणजे एक पेलाही नाही.

पुढची गोष्ट बघायला आम्ही उत्तरेकडची गाडी धरली. मानहाइमच्या मध्यवस्तीत रस्त्यांना नावं नाहीत, चौकटींना अक्षर आणि आकडा आहे, त्यामुळे भाचीचा पत्ता एखाद्या तक्त्यातल्या रकान्यासारखा वाचावा लागतो. पूल ओलांडला की ऱ्हाइनच्या पलीकडे लुडविग्सहाफेन. ते सुंदर गाव नाही. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालं आणि घाईनं पुन्हा बांधलं गेलं. पण नदीकाठानं किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेला बीएएसएफचा कारखाना बघितला की रसायनवाल्याचं ऊर भरून येतं. क्षेत्रफळ सुमारे दहा चौरस किलोमीटर. एका प्लांटचं उरलेलं ते दुसऱ्याचा कच्चा माल, असं नळ्यांचं जाळं. दोन नंबरच्या फाटकापाशी पाहुण्यांसाठी केंद्र आहे आणि बसमधून आवार दाखवतात. बस थांबते, माणसं फोटो काढतात ते ज्वाळांचे आणि उंच मनोऱ्यांचे. थर कुणाला दिसत नाही, कारण तो आतच असतो.

या कारखान्याचं आपल्याशी नातं निळीतून आहे. 1897 मध्ये बीएएसएफनं कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि बिहारच्या निळीच्या मळ्यांचा धंदा कोसळायला लागला. 1917 मध्ये गांधीजी चंपारणला गेले त्यामागच्या कहाणीत हाही एक धागा आहे. निळीसाठी नॅफ्थॅलिनपासून फ्थॅलिक ॲनहायड्राइड करावं लागे आणि त्यासाठी धुरकट, अतितीव्र गंधकाम्ल लागे. एका प्रयोगात थर्मामीटर फुटला, पारा सांडला आणि अभिक्रिया झरझर चालली, अशी त्या शोधाची कथा सांगतात. पण एवढं तीव्र आम्ल स्वस्तात बनवायचं कसं? ते रुडॉल्फ क्निट्शनं इथे सोडवलं. गंधकाचा धूर प्लॅटिनमच्या थरातून न्यायचा, ही कल्पना ब्रिस्टलच्या पेरेग्रीन फिलिप्सनं 1831 मध्येच पेटंट केली होती, पण थर काही दिवसांत मरायचा. क्निट्शच्या लक्षात आलं की धुरात अर्सेनिक असतं आणि ते प्लॅटिनमवर बसून त्याला निकामी करतं. शिवाय अभिक्रियेची उष्णता थरात साठते आणि काम उलटं फिरवते. म्हणून वायू धुवायचा आणि थराला थंड ठेवायचं. शंभराहून जास्त वर्षं झाली, आजही फिक्स्ड बेडच्या माणसाचा दिवस या दोन काळज्यांतच जातो.

अमोनियाच्या वेळी बॉशपुढे तीन अडचणी होत्या. पहिली उत्प्रेरकाची. ऑस्मियम जगात मिळेना इतकं दुर्मीळ, त्यामुळे बीएएसएफनं असेल तेवढं विकत घेऊन ठेवलं. त्यावर खताचा धंदा उभा राहणार नव्हता. मिटाशनं हजारो नमुने तपासायचा कार्यक्रम लावला. नोव्हेंबर 1909 मध्ये स्वीडनच्या येलिव्हारे खाणीतल्या मॅग्नेटाइटचा नमुना वापरून पाहिला गेला आणि तो अनपेक्षितपणे चांगला चालला. शुद्ध लोखंड चालत नव्हतं, हे अशुद्ध खनिज चालत होतं. मग अशुद्धीत नेमकं काय आहे त्याचा शोध लागला: थोडं ॲल्युमिनियम ऑक्साइड, थोडं पोटॅशियम, थोडं कॅल्शियम. त्या कृतीत आजवर फारसा बदल झालेला नाही. मॅग्नेटाइट रिॲक्टरमध्ये भरतात ते निर्जीवच असतं. मग हायड्रोजन सोडून कित्येक दिवस सावकाश त्यातला ऑक्सिजन काढतात, तेव्हा दाण्याच्या आत सूक्ष्म भोकं पडतात आणि एका ग्रॅममध्ये दहा-वीस चौरस मीटर पृष्ठभाग उघडा होतो. या काळात घाई केली तर निघालेली वाफच थराला मारते. चांगला सांभाळला तर तो दहा वर्षं, कधी त्याहून जास्त टिकतो.

दुसरी अडचण शुद्ध हायड्रोजनची. ती लांबलचक कथा आहे, सोडून देतो.

तिसरी मला सर्वांत आवडते, कारण ती थराची नसून त्याच्या घराची आहे. पहिले पोलादी रिॲक्टर ऐंशी तासांच्या सुमारास फुटले. बॉश मुळात धातुशास्त्र शिकलेला, कारखान्यात हातानं काम केलेला माणूस. त्यानं फुटलेले तुकडे कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. गरम हायड्रोजन पोलादात शिरतो, त्यातल्या कार्बनशी मिळून मिथेन होतो, आणि पोलादाला ज्याच्यामुळे बळ असतं तो कार्बनच निघून गेला की उरतं ते ठिसूळ लोखंड. हायड्रोजनला अडवणारं पोलाद तेव्हा नव्हतं. मग बॉशनं अडवायचा नादच सोडला. आत कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर, बाहेर पोलादाचं कवच, आणि कवचाला बारीक भोकं. अस्तरातून झिरपलेला थोडा हायड्रोजन भोकांतून बाहेर निघून जातो आणि कवचाला धक्का लागत नाही. दोनशे वातावरणांच्या भांड्याला भोकं पाडायची ही कल्पना 1911 मध्ये सुचवणाऱ्या माणसाकडे वरिष्ठांनी कसं पाहिलं असेल! सप्टेंबर 1913 मध्ये लुडविग्सहाफेनच्या उत्तरेला ओपाऊत कारखाना सुरू झाला, दिवसाला 30 टन अमोनियाच्या हिशेबानं.

आम्ही ट्रामनं ओपाऊला गेलो. आता ते नेटकं, शांत उपनगर आहे. त्यातली बहुतेक घरं 1921 नंतरची आहेत, त्याला कारण आहे. 21 सप्टेंबर 1921च्या सकाळी साडेसातच्या सुमारास खताच्या कोठारात स्फोट झाला. अमोनियम सल्फेट आणि नायट्रेट यांचं साडेचार हजार टन मिश्र खत साठलं होतं, ते दगडासारखं घट्ट झालं की डायनामाइटच्या लहान काड्यांनी फोडत. ही पद्धत पुष्कळदा निभावली होती. त्या दिवशी निभावली नाही. पाचशेहून अधिक माणसं गेली, गावातली बहुतेक घरं पडली किंवा मोडली, जमिनीत शंभर मीटरच्या आसपास रुंदीचा खड्डा पडला, आणि आवाज म्युनिकपर्यंत ऐकू गेला. रिॲक्टरचा थर यात दोषी नव्हता. पण त्यानं बनवलेल्या मालाचं काय होतं ते गावानं भोगलं, आणि तीन-एक महिन्यांत कारखाना पुन्हा सुरूही झाला. स्फोटाच्या स्मारकापाशी भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हाबरचं पुढे काय झालं?"

मी सांगितलं ते थोडक्यात असं. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन वायू सोडण्याचं काम त्याच्या देखरेखीखाली झालं. त्याची बायको क्लारा इमरवार स्वतः रसायनशास्त्रातली डॉक्टरेट होती. तिनं काही दिवसांतच स्वतःला गोळी घालून घेतली. अमोनियाचं 1918चं नोबेल त्याला मिळालं. 1933 मध्ये ज्यू म्हणून त्याला देश सोडावा लागला आणि पुढच्या वर्षी तो बाझलमध्ये वारला. आज जगात वर्षाला 18 कोटी टनांच्या आसपास अमोनिया बनतो, आणि जगातली जवळजवळ निम्मी माणसं जेवतात त्या अन्नामागे तो आहे असा अंदाज करतात. एका माणसाच्या खात्यावर हे सगळं एकत्र मांडायची रीत मला सापडलेली नाही.

बॉश मला जास्त जवळचा वाटतो. हायडेलबर्गला डोंगरउतारावर त्याच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे. गर्दी किल्ल्यापाशी थांबते, तिथून पुढे चढ चढून जावं लागतं. 1931 मध्ये त्याला बेर्गियुस या रसायनशास्त्रज्ञासोबत नोबेल मिळालं, ते उच्च दाबाच्या तंत्रासाठी. यंत्र बांधणाऱ्या माणसाला रसायनाचं नोबेल ही गोष्ट तेव्हा नवी होती. त्याला किडे गोळा करायचा आणि तारे बघायचा नाद होता, आणि हायडेलबर्गचं प्राणिसंग्रहालयही त्याच्या मदतीनं उभं राहिलं. ज्यू शास्त्रज्ञांना घालवलं तर जर्मनीचं रसायन आणि भौतिकशास्त्र मागे जाईल, हे त्यानं हिटलरला तोंडावर सांगितलं. त्याचा उपयोग झाला नाही, आणि तो स्वतः रसायन-कंपन्यांच्या ज्या महासंघाचा प्रमुख होता तो पुढे कुठे गेला हेही इतिहासात आहे.

संध्याकाळी नेकार नदीकाठी बसलो असताना भाचीनं मला पकडलं. "खडी भरायची, वायू सोडायचा. यात अवघड काय ते अजून कळलं नाही."

मग मला तळोज्याचा आमचा कारखाना आठवला. फ्थॅलिक ॲनहायड्राइड आता पारा आणि आम्ल वापरून करत नाहीत. हवा आणि ऑर्थोझायलिन यांचं मिश्रण व्हॅनेडियमच्या थरातून नेतात, आणि हा थर एका मोठ्या भांड्यात नसतो. अंगठ्याएवढ्या जाडीच्या, तीन मीटर लांबीच्या हजारो नळ्या एकाच कवचात उभ्या बसवलेल्या असतात. त्यांच्याभोवती वितळलेलं क्षाराचं मिश्रण फिरतं, तेही साडेतीनशे अंशांच्या पुढे. एवढं गरम असूनही त्याचं काम थंड करण्याचं. कारण नळीच्या पहिल्या मीटरभरात अभिक्रिया इतकी जोरात पेटते की तापमान आणखी वर उसळतं. त्याला हॉटस्पॉट म्हणतात. तो किती वर गेला आणि कुठे आहे यावर रात्रपाळीच्या माणसाची झोप अवलंबून.

बेड बदलायचा म्हणजे मोठा सोहळा. रिॲक्टरच्या डोक्यावर मंडप घातल्यासारखं ताडपत्रीचं छप्पर, कारण पावसाचा थेंब चालत नाही. माणसं गुडघ्यावर बसून एकेक नळी भरतात. प्रत्येक नळीत तेवढंच वजन, तेवढ्याच वेळात, तेवढ्याच उंचीपर्यंत. भराभर ओतलं तर दाणे एकमेकांवर अडकून पूल बांधतात आणि खाली पोकळी राहते. सावकाश ओतलं तर ते दाटीनं बसतात, पोह्यांचा डबा आपटून भरला की वाटीभर जास्त मावतात तसे. दोन्ही वाईट. भरून झालं की प्रत्येक नळीतून ठरावीक हवा सोडून प्रेशर ड्रॉप, म्हणजे दाब किती घटतो ते, मोजायचा. ज्या नळीचा आकडा इतरांहून वेगळा ती रिकामी करायची आणि पुन्हा भरायची. वायूला कुणी शिकवलेलं नसतं. तो सोपी वाट धरतो. सैल भरलेल्या नळीतून जास्त जातो आणि अर्धवट बदलून निघतो, घट्ट भरलेलीतून कमी जातो, तिथे तो जास्त वेळ थांबतो आणि जळून कार्बन डायऑक्साइड होतो. हजारोंपैकी शे-दोनशे नळ्या बिघडल्या तरी मालाचा रंग बदलतो.

दाणा किती मोठा असावा, हीही रस्सीखेच. बारीक दाण्याचा आतला भाग पूर्ण वापरला जातो, पण बारीक दाण्यांतून वायू ढकलायला कॉम्प्रेसरची वीज जाते. साब्री एर्गुननं 1952 मध्ये याचं समीकरण मांडलं, ते आम्ही झोपेतही म्हणू शकू. त्याच्या शंभर वर्षं आधी ऑन्री दार्सीनं दिजाँ शहरात वाळूच्या नळकांड्यांतून पाणी सोडून सावकाश प्रवाहाचा नियम काढला होता. या रस्सीखेचीवर एक तोड डेन्मार्कच्या हाल्डर टॉपसो कंपनीनं अमोनियासाठी काढली. वायू वरून खाली नेण्याऐवजी बाहेरच्या परिघाकडून आत, मधल्या नळीकडे न्यायचा. थर उंच राहतो, पण वायूची वाट जेमतेम थराच्या जाडीएवढी होते, म्हणून बारीक दाणे परवडतात. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात अमोनिया याच कंपनीच्या तंत्रानं बनतो.

"आणि एवढं करून तो किती दिवस टिकतो?" भाचीनं विचारलं.

फ्थॅलिकचा थर काही वर्षं. पहिल्या दिवशी तो सर्वांत चांगला असतो, आणि त्या दिवसापासून म्हातारा होत जातो. हॉटस्पॉट महिन्यामहिन्यानं नळीत खाली सरकत जातो. क्षार थोडा जास्त गरम करून, वायूचं प्रमाण बदलून आपण त्याचं वय लपवतो. मी त्या सरकणाऱ्या ठिपक्याचे तक्ते इतकी वर्षं भरले की निर्जीव थर म्हणजे उतरणीला लागलेला थर, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. त्यामुळेच सजीव थर बघायला हॅम्बुर्गला जायचं ठरवलं.

मानहाइमहून वेगवान गाडीनं अर्धा दिवस मोडतो. हॅम्बुर्गला बंदर, गोदामं, संगीतगृह सगळं आहे, पण आम्ही रोटेनबुर्ग्सऑर्ट भागात उतरलो. तिथे 1848 सालचा पाण्याचा मनोरा अजून उभा आहे. 1842 मध्ये शहर जळालं, त्यानंतर विल्यम लिंडली या इंग्रज अभियंत्यानं एल्ब नदीचं पाणी नळानं घरोघर नेलं. युरोपात तेव्हा ही मोठी प्रगती होती, फक्त पाणी गाळायचं राहून गेलं. नळातून कधी ईल मासे निघत, आणि कार्ल क्रेपेलिन या प्राणिशास्त्रज्ञानं शहराच्या जलवाहिन्यांत राहणाऱ्या प्राण्यांची यादीच छापली होती. गाळणीसाठी वाळूचे थर बांधायचे की नाही, खर्च कुणी करायचा, यावर नगरपालिकेत वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी बांधकाम सुरू झालं, तेवढ्यात ऑगस्ट 1892 उजाडला.

कॉलरानं त्या शहरात काही आठवड्यांत साडेआठ हजारांहून अधिक माणसं मारली. लगतचं आल्टोना तेव्हा वेगळं शहर होतं. ते तीच नदी पीत होतं, शिवाय हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळल्यानंतरची. पण त्यांचं पाणी 1859 पासून ब्लांकेनेझच्या टेकडीवर वाळूच्या थरांतून जात होतं. तिथे मृत्यू तुलनेनं थोडे झाले. जंतुशास्त्रज्ञ रोबर्ट कोखनं दोन शहरांची हद्द घरागणिक तपासली. शुल्टरब्लाट नावाच्या रस्त्यावर हॅम्बुर्गच्याच हद्दीतलं एक मोठं चाळवजा आवार होतं, त्याला नळ मात्र आल्टोनाचा. तिथे राहणाऱ्या शेकडो माणसांत कॉलरा शिरला नाही. आज त्या रस्त्यावर कॉफीची दुकानं आहेत, भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. आम्ही तिथे बसून कॉफी घेतली, पण ते आवार कुठे होतं ते दाखवणारं काही आम्हाला दिसलं नाही. 1892च्याच ऑक्टोबरमध्ये म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफरनं, नुसत्या जंतूनं कॉलरा होत नाही हे सिद्ध करायला, कॉलराच्या जंतूंचं पाणी सगळ्यांसमक्ष पिऊन टाकलं आणि तो वाचला. शास्त्रातल्या हट्टाला नशिबाची जोड मिळाली की वाद किती लांबतो याचा तो नमुना आहे.

काल्टेहोफं हे एल्बमधलं बेट. तिथले वाळूचे फिल्टर कॉलराच्या धसक्यानं घाईघाईनं पूर्ण करून 1893 मध्ये सुरू केले आणि 1990 पर्यंत ते चालले. आता तिथे संग्रहालय आहे. उघड्या, चौकोनी, वीसहून अधिक टाक्या एकामागून एक. त्यांच्या काठांवर लाल विटांचे, टोकदार छपरांचे छोटे बुरूज, झडपा फिरवण्यासाठी. टाक्यांत आता लव्हाळी आणि गवत माजलंय, बदकं पोहतात. भाचीला हे ठिकाण फार आवडलं. इथे तरी फोटो काढता येतात, म्हणाली.

लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठी जेम्स सिम्प्सननं 1829 मध्ये असा फिल्टर बांधला तेव्हा सगळ्यांना वाटलं की वाळू म्हणजे चाळणी. पण जंतू वाळूच्या फटींहून कितीतरी लहान असतात. नुसत्या वाळूनं ते अडत नाहीत. काम करतो तो वाळूच्या वरच्या दोन-चार सेंटिमीटरांत बसलेला चिकट, तपकिरी, जिवंत पापुद्रा: शेवाळं, जिवाणू, जिवाणू खाणारे प्राणी. पाणी तासाला दहा-वीस सेंटिमीटर एवढ्या गतीनं खाली उतरतं, आणि या सावकाशीत त्यातले जंतू चिकटतात, खाल्ले जातात, मरतात. कोखनं सांगून ठेवलं की वेग तासाला दहा सेंटिमीटरच्या वर नेऊ नका आणि गाळलेल्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये शंभराहून कमी जंतू असू देत.

गंमत अशी की नवी कोरी धुतलेली वाळू टाकली तर पहिल्या दिवशी हा फिल्टर सर्वांत वाईट असतो. तो पिकायला दिवस, कधी आठवडे लागतात. पापुद्रा जाड होऊन पाणी उतरेनासं झालं की टाकी रिकामी करून वरची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वाळू फावड्यानं खरवडायची, आणि पुन्हा पिकायची वाट बघायची. हे नाजूक काम आहे. 1892-93च्या हिवाळ्यात आल्टोनाच्या टाक्यांवर बर्फ धरला, साफसफाईत थराला दुखापत झाली, आणि मोठ्या साथीत वाचलेल्या आल्टोनातच कॉलराचे रुग्ण निघाले. थर तिथेच होता, वाळूही तीच होती, फक्त तो पापुद्रा गेला होता.

जिवंत थरांचं हे कुळ मोठं आहे. शुट्झेनबाखनं 1823 मध्ये लाकडाच्या पिंपात बीच झाडाच्या ढलप्या भरून त्यांवरून मद्य ठिबकवलं आणि ढलप्यांवर बसलेल्या जिवाणूंनी त्याचं झपाट्यानं व्हिनेगर केलं. सांडपाण्याचे ट्रिकलिंग फिल्टर दगडांवरून पाणी टपकवून तेच करतात. आणि 1969 मध्ये जपानच्या तानाबे सेयाकु कंपनीत इचिरो चिबाता यांनी जिवाणूही बाजूला ठेवले. नुसतं एन्झाइम दाण्यांना बांधून कॉलममध्ये भरलं, वरून मिश्र अमिनो आम्ल सोडलं, खालून हवं ते वेगळं निघालं. पण एन्झाइमचा थर पिकत नाही. तो आमच्या तळोज्याच्या थरासारखाच उतरणीला लागतो.

संग्रहालयातून निघताना एक गोष्ट कळली. 1964 पासून हॅम्बुर्ग एल्बचं पाणी पीतच नाही. सगळं पाणी जमिनीखालून उपसतात. त्यात जंतूंचा त्रास फारसा नसतो, पण विरघळलेलं लोह आणि मँगनीज असतं. म्हणून पाण्यात हवा मिसळून ते खडीच्या थरांतून नेतात. खडीवर हळूहळू मँगनीज ऑक्साइडचं काळं लेपन चढतं, आणि ते लेपनच पुढच्या मँगनीजला पकडायला मदत करतं. काही जिवाणूही त्यात हातभार लावतात. नव्या खडीवर हे लेपन चढायला कित्येक आठवडे लागतात. तोवर पाणी काळपट येऊ शकतं. म्हणून नवा फिल्टर भरताना जुन्या फिल्टरमधली पिकलेली खडी आणून त्यात मिसळायची पद्धत जलशुद्धीकरणवाल्यांत आहे.

हे मी बसस्टॉपवर भाचीला समजावून सांगितलं. ती जरा विचार करून म्हणाली, "म्हणजे तळोज्याला तुम्ही जुना थर फेकून द्यायचात, आणि हे लोक जुना मुद्दाम मागून आणतात."

"फेकत नव्हतो. व्हॅनेडियम काढायला परत पाठवायचो."

"तेच ते, मामा," ती म्हणाली, आणि बस आली.